जित्याची खोड : एका शब्दसंग्रहाच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

भाचीची अट एकच आहे : ज्या दिवशी काम होईल त्या दिवशी नोंद लिहायची. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्याकडे म्हणे ज्या कामाची नोंद नाही ते काम झालेलंच नसतं. आमच्याकडे उलटं होतं. काम नीट झालं तर त्याचा मागमूस कुठे उरत नसे. मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात शोधून सापडायचं नाही, पण एक वेलांटी चुकली की सगळ्यांना आधी तोच आठवायचा.

तर नोंद पहिली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. घरात अकरा वह्या आहेत. त्यांतले शब्द एका संकेतस्थळावर नीट लावून ठेवायचे आहेत. नाव ठरलं : 'खोड'.

"मावशी, नाव जरा प्रसन्न ठेवू या का?" भाची म्हणाली.

म्हटलं, अगं, कोश उघड. ती खोड म्हणजे अंगी मुरलेली वाईट सवय, ते खोड म्हणजे झाडाचा बुंधा, आणि खोडणं म्हणजे मी एकोणचाळीस वर्षं केलं ते. पहिलं आणि तिसरं मला लागू आहेच, आणि गुडघे धरल्यापासून दुसरंही.

५ जून २०२४

वह्यांची मोजदाद. या वह्या म्हणजे मी खोडलेल्या शब्दांची स्मशानवही आहे, असं एक सहकारी म्हणायचे. प्रूफ वाचताना नियमाप्रमाणे शब्द बदलावा लागायचा, पण कधी कधी बदलताना हात जरा अडायचा. असा शब्द संध्याकाळी वहीत उतरवायची. रकाने चार : शब्द, वाक्य, मी काय घातलं, आणि लिहिणाऱ्याची बोली कोणती असावी याचा अंदाज. पहिली नोंद १९८३ ची. दहा पानं मोजून अंदाज काढला, साडेतीन हजारांच्या आसपास भरतील. पुनरुक्ती बरीच आहे. 'व्हता', 'न्हाई', 'म्हून' ही मंडळी दर चार पानांनी भेटतात.

पहिल्याच वहीत हे सापडलं आणि दुपार त्यातच गेली :

शब्द – पाक. वाक्य – 'त्या गडबडीत मी पाक इसरलो.' बदल – 'साफ विसरलो.'

तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. आज दोन्ही शब्दांची मुळं पाहिली. पाक फारसी, अर्थ शुद्ध, निर्मळ. साफ अरबी, अर्थ तोच. म्हणजे एक पाहुणा उठवून त्याच्या जागी तशाच कपड्यातला दुसरा पाहुणा बसवला आणि त्याला शुद्धलेखन म्हटलं. 'इसरलो'ला तर जाब विचारायचीही संधी दिली नाही.

९ जून २०२४

भाची म्हणते 'माझ्याविषयी' असं एक पान लागतंच. मी म्हटलं, कोण वाचतं? ती म्हणाली, लोक आधी तेच वाचतात. त्या पानाचा कच्चा खर्डा इथेच लिहून टाकते.

वडील जुळारी होते. म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं, त्यामुळे जुळाऱ्याला उलटं वाचायची सवय होते. मी शाळेत जायच्या आधी त्यांनी माझ्या तळहातावर एक खिळा ठेवून विचारलं होतं, "हे काय?" मी म्हटलं, चष्मा. तो 'ळ' होता. 'ळ' उलटा केला तरी जवळजवळ 'ळ'च दिसतो, म्हणून पहिला धडा तोच, असं त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. बाकीच्या पोरांनी 'अ'पासून सुरुवात केली, मी 'ळ'पासून. मराठीत 'ळ'नं सुरू होणारा शब्द नाही, हे कळायला मला पुढे काही वर्षं लागली, आणि कळल्यावर फसवल्यासारखं वाटलं.

१९८० मध्ये मी मुद्रितशोधनाला लागले. खिळ्यांचा काळ संपत आला होता, पण संपला नव्हता. आधी गॅली यायची, म्हणजे पानं पाडण्याआधीच्या मजकुराची छापील पट्टी, लांबलचक, ओलसर शाईच्या वासाची. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, दुसरा गॅलीवर डोळा ठेवायचा. वाचणारा विरामचिन्हंही म्हणायचा : 'ती आली स्वल्प बसली पूर्ण.' घरी गेल्यावरही कोणी बोलायला लागलं की मनात स्वल्प, पूर्ण चालू व्हायचं.

छपाई चालू असताना वरचा अनुस्वार झिजायचा, तुटायचा. चिंता आणि चिता यांच्यात एका टिंबाचाच फरक, हे सुभाषितात वाचलेलं होतं. आमच्याकडे ते एका पानावर प्रत्यक्ष झालं. शोकसभेचं वृत्त होतं, 'कुटुंबीयांना चिता वाटते' असं गेलं, आणि शुद्धिपत्र काढण्याचीही कोणाला हिंमत झाली नाही.

उलट काम टिंबं काढायचं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांना १९६२ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, तेव्हा नियम चौदा होते. १९७२ मध्ये आणखी चार आले. ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार त्या नियमांनी गेले. पण जुन्या पिढीच्या लेखकांचे हात थोडेच सरकारी मान्यतेनं वळतात? मी लागले तेव्हाही हस्तलिखितं 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं' अशीच यायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिंबं वेचायची, पोह्यातले खडे वेचावेत तशी. पुढे संगणक आला, अक्षरजुळणी पडद्यावर गेली, गॅली बंद झाली. चुका मात्र होत्या तशाच राहिल्या, फक्त शाई लागेनाशी झाली.

हे पान आत्मचरित्रासारखं व्हायला लागलं. यातलं निम्मं कापायचं. सवय आहे.

१६ जून २०२४

पहिलं पान उघडलं. मधोमध 'खोड', खाली 'पाक'चं कार्ड. एचटीएमएल म्हणजे काय ते समजलं : मजकुरात खुणा घालायच्या, हा ठळक, हा परिच्छेद, इथे ओळ तुटते. अगं, हे तर प्रूफच्या खुणा! भाची हसली, पण त्यानंतर मला शिकवायला तिला कमी वेळ लागला. आम्हीही समासात खुणा करायचो आणि त्या छापल्या जाऊ नयेत एवढीच अपेक्षा असायची.

कंटाळवाणं पण महत्त्वाचं : फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतच ठेवायची. त्यात प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट खातं. एकदा चुकून दुसऱ्या प्रकारात ठेवली तर सगळं पान प्रश्नचिन्हांनी भरलं. ती फाइल गेली ती गेलीच.

३० जून २०२४

दोन आठवडे एकाच कामात. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी तीन वह्या कार्यालयातल्या संगणकावर टंकून ठेवल्या होत्या, तेव्हाच्या फाँटमध्ये. त्या फाइली आता उघडल्या की अगम्य अक्षरांची रांग दिसते. कारण त्या फाँटांत मराठी अक्षर साठवलेलंच नसायचं. साठवलेलं असायचं रोमन अक्षर, फाँट त्यावर फक्त मराठी मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की खेळ संपला.

भाचीनं रूपांतराचा छोटा प्रोग्राम लिहिला. रोमन 'अमुक' दिसलं की मराठी 'तमुक' घाल. पहिल्या फेरीत नव्वद टक्के मजकूर आला आणि उरलेल्या दहा टक्क्यांनी पंधरा दिवस खाल्ले.

गोम पहिल्या वेलांटीची आहे. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या डावीकडे दिसते. जुन्या फाँटांत ती टंकायचीही आधी, म्हणून साठवलीही आधी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या संकेतात, मात्र उच्चाराचा क्रम धरतात : आधी क, मग वेलांटी. म्हणजे रूपांतर करताना प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे ठेवायची. भाचीनं तसं केलं. 'निमित्त' बरोबर आलं, 'किती' बरोबर आलं. मग 'स्थिती' आली, ती अशी : 'सि्थती'.

मला एकदम ओळख पटली. ही 'सि्थती' मी कुठे कुठे पाहिलेली आहे! जुना मजकूर घाईत युनिकोडमध्ये आणलेला असला की 'सि्थती', 'परिसि्थती', 'उपसि्थत' अशी मोडक्या पायांची मंडळी दिसतात. मला वाटायचं टंकणारा नवखा असेल. तो बिचारा निर्दोष. वेलांटीनं एकच अक्षर ओलांडलं, आणि 'स्थ' हे जोडाक्षर आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं अर्धा स आणि थ दोघांनाही ओलांडून जायला हवं.

ते सुटलं तर रफार. 'निर्मिती'मधला रफार 'मि'च्या डोक्यावर बसतो, जुन्या फाँटात 'म'नंतर टंकायचा, आणि खरा उच्चार 'म'च्या आधी. म्हणजे वेलांटी पुढे न्यायची, रफार मागे न्यायचा, तेही एकाच अक्षरावर. भाची वैतागून म्हणाली, "मावशी, ही लिपी कोणी डिझाइन केली?" म्हटलं, बाळा, लिपी बोरूनं लिहिणाऱ्याची आहे, तो कुठे आधी काय नंतर काय याची गणती ठेवत बसला होता? त्याला पान भरायचं होतं.

शेवटी तिन्ही वह्या मी एकदा डोळ्यांखालून घातल्या. प्रोग्रामला विश्वासात घ्यायचं, पण प्रूफ पाहायचंच.

११ जुलै २०२४

डोळ्यांत औषध. काम नाही.

१९ जुलै २०२४

अनुक्रमणिका केली आणि 'ळ'नं पुन्हा फसवलं.

संगणकाला म्हटलं, शब्द वर्णक्रमानं लाव. त्यानं लावले : काल, काळ, कावड. मी म्हटलं, चुकलं. काल, कावड, काळ असं हवं. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. पण संगणक वर्णमाला जाणत नाही, तो क्रमांक जाणतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे. त्यात 'ल' ०९३२ वर, 'ळ' लगेच ०९३३ वर, आणि 'व' ०९३५ वर. हा क्रम आधीच्या इस्की या भारतीय संकेतावरून आला. तो संकेत सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच साच्यात बसवायला केलेला, म्हणून 'ळ'ला 'ल'च्या शेजारी जागा मिळाली. सोय सगळ्यांची आणि गैरसोय आमच्या कोशाची.

'क्ष' तर त्याच्या लेखी अक्षरच नाही. क, मोडलेला पाय आणि ष अशी तीन चिन्हं. 'स्त्री'ची लांबी विचारली तर सहा सांगतो. शब्दकोड्यात एका चौकोनात बसणारी बाई इथे सहा चौकोन अडवते.

उपाय साधा निघाला. मी मराठी वर्णक्रम एका ओळीत लिहून दिला, भाचीनं प्रत्येकाला आमचा क्रमांक लावला. 'क्ष' कुठे ठेवायचा यावर मात्र माझाच माझ्याशी वाद झाला. संस्कृत कोशांत तो 'क'च्या पोटात असतो, शाळेतल्या तक्त्यात शेवटी. मी शेवटी ठेवला. हे संकेतस्थळ शाळेच्या तक्त्यावर वाढलेल्या माणसांसाठी आहे.

४ ऑगस्ट २०२४

शोधाची खिडकी चालू. पहिला शोध : दऱ्या. उत्तर : असा शब्द नाही. आणि शब्द समोर, तिसऱ्या ओळीत!

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन, या जोडीवर मी आयुष्यात शेकडो वेळा लाल खूण केली असेल. तेव्हा निदान फरक दिसायचा. आता दोन्हीकडे 'दऱ्या'च दिसतंय, अगदी मिळतंजुळतं, तरी जुळत नाही. भाचीनं दोन्ही शब्दांची साल काढून दाखवली. माझ्या फोनचा कळफलक खालचं टिंब असलेला 'ऱ' वापरतो, ०९३१ क्रमांकाचा. आमच्या रूपांतरातून आलेल्या शब्दात मात्र साधा 'र', मोडलेला पाय आणि पुढे एक शून्य रुंदीचा जोडक आहे. हा जोडक पडद्यावर दिसतच नाही. तो फक्त शेजाऱ्यांना हात धरायला लावतो आणि स्वतः अदृश्य राहतो.

एकोणचाळीस वर्षं दिसणाऱ्या चुका पकडल्या. न दिसणारी चूक असते हे आज कळलं.

'ॲ'चंही तेच : एक पूर्ण अक्षर म्हणून टंकता येतो किंवा 'अ'वर चंद्र ठेवून. दिसायला एक, आत दोन. शोधाआधी सगळं एका रूपात आणायचा नियम केला. याच ओघात भाचीनं आणखी एक सोय करून टाकली : कोणी बोलीतलं रूप टाकलं तर आपोआप प्रमाण रूपाचं पान उघडेल. 'व्हता' टाका, 'होता' उघडेल. कोशांत असतं ना, 'अमुक – पाहा तमुक', तसंच. (कोशांत बहुधा 'पहा' असतं. नियमानं 'पाहा'. सवय.) सोयीचं वाटलं, हो म्हटलं.

२१ ऑगस्ट २०२४

आज यंत्राशी भांडण नाही, नुसते शब्द. असे दिवस आले की हा खटाटोप कशासाठी चाललाय ते वेगळं सांगावं लागत नाही.

लिहिण्याच्या सामानाचं एक कार्ड-कुटुंब केलं. शाई फारसी 'सियाही'वरून, म्हणजे काळेपणा. तेव्हा 'काळी शाई' ही द्विरुक्ती आणि 'लाल शाई' हा विरोधाभास. मी नोकरीभर विरोधाभासानं लिहीत होते. कागद फारसी. दौत अरबी. कलम अरबी. कित्ता अरबी, मूळ अर्थ तुकडा. दप्तर फारसी, आणि त्याच्याही मागे ग्रीक, जिथे त्याचा अर्थ कातडं. पोरांच्या पाठीवर कातडंच लटकतंय, एवढा प्रवास करून. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, ते दरबारासाठी मोठंच काम. पण शाई-कागद-दौत हलले नाहीत. ज्या वस्तू रोज हाताला लागतात त्यांची नावं बदलायला राजाज्ञाही कमी पडते, असं माझं मत. लेखणी आणि अक्षर तेवढी संस्कृत.

आणि हरताळ! 'हरताळ फासणे' आपण सर्रास म्हणतो, केल्या कामावर पाणी फिरवणे या अर्थी. हरताळ हे पिवळं खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर ते फासायचे, म्हणजे अक्षर झाकलं जायचं आणि वर पुन्हा लिहिता यायचं. आमच्या धंद्याचं मूळ हत्यार ते हे. बंदच्या अर्थाचा हरताळ वेगळा, त्याचं नातं हाटाशी, बाजाराशी. दोन कार्डं केली.

पोर्तुगीजांकडून आलेल्यांचंही कुटुंब सुरू केलं : पगार, चावी, घमेलं, पाद्री. इथे जपून चालावं लागतं. एकदा पोर्तुगीज शब्द सापडायला लागले की माणसाला सगळीकडे पोर्तुगीज दिसतात. 'जुगार' मीही त्यांच्यात ढकलणार होते, कारण त्यांच्यात 'जुगार'सारखंच ऐकू येणारं खेळण्याचं क्रियापद आहे. पण संस्कृत 'द्यूतकार' प्राकृतातून झिजत 'जुगार'पर्यंत येतो, हिंदीत 'जुआरी' होतो, हा रस्ता मला जास्त पटतो. ऐकायला सारखं म्हणून नातलग ठरवायचं तर आडनावबंधू सगळेच भाऊ.

पद्धत अशी ठेवली आहे. प्रत्येक शब्द आधी मोल्सवर्थमध्ये पाहायचा. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. सैन्यातला माणूस, पण लोकांच्या तोंडचे शब्द, म्हणी घेताना त्यानं नाक मुरडलं नाही. मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहायचा, सात खंड, १९३२ ते १९३८, आणि १९५० ची पुरवणी. अर्थ मात्र माझ्या वाक्यात लिहायचा, कोशातून उचलायचा नाही. शब्द सगळ्यांचे असतात, व्याख्या लिहिणाऱ्याची असते.

४ ऑक्टोबर २०२४

काल मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. भाचीचा रात्री फोन, "मावशी, ऐकलंस का?" ऐकलं. आनंद आहे. मी चौथ्या वहीतल्या 'इरवाळी'पाशी अडकले होते; तिला विचारलं, तुझ्या आजीच्या तोंडी हा शब्द होता का गं? ती म्हणाली, विचारते.

२० ऑक्टोबर २०२४

सहावी वही. पान आपोआप तिथे उघडतं, कारण तिथे मी कधीकाळी घडी घातली होती.

शब्द – हुबी. वाक्य – 'आई उंबऱ्यात हुबी.' बदल – 'आई उंबरठ्यात उभी होती.'

पुस्तक एका वयस्क बाईंचं, आठवणींचं. नाव लिहीत नाही. आमच्याकडची रीत ठरलेली : संवाद बोलीत राहू द्यायचे, निवेदन प्रमाण करायचं. मी पान पान प्रमाण केलं. क्रियापद नसलेल्या वाक्यांना क्रियापदं दिली. काम चोख झालं असं मला सांगण्यात आलं.

पुस्तक आल्यावर त्या बाई कार्यालयात आल्या. कोणी सुधारलं ते विचारत माझ्या टेबलापाशी पोचल्या. पिशवीतून प्रत काढली, पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही कोण?"

मी वाचलं. म्हटलं, "तुमची आई."

"माझी न्हाई. माझी हुबी ऱ्हायची."

रागावल्या नव्हत्या. माझी बाजू काय ते ऐकायला थोड्या थांबल्यासुद्धा. मी नियम सांगितला. त्यांनी मान हलवली, प्रत पिशवीत घातली, पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले आणि गेल्या. त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. निघाली असती तर मी ते वाक्य परत लावलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. खरं तर कोणी तसं करू दिलं नसतं, आणि मी कोणाला विचारलंही नसतं.

वह्या आधीपासून होत्या, पण तोवर त्या गंमत होत्या. कुणाला दाखवून हसायची सोय. त्या दिवसानंतर मी वाक्य पूर्ण उतरवायला लागले, स्वल्पविरामासकट.

भाची विचारते हे सगळं कशासाठी, तेव्हा मी तिला सांगते वेळ घालवायला. 'माझ्याविषयी'च्या पानावरही तेच लिहिलंय. राहू दे.

'हुबी'चं कार्ड आज चढवलं नाही.

१५ डिसेंबर २०२४

संकेतस्थळ खुलं झालं. बाराशे चाळीस कार्डं. जाहिराती नाहीत, नोंदणी नाही. फोनवरही बरं दिसतं. एवढंच.

६ जानेवारी २०२५

मुखपृष्ठावर, ठळक अक्षरांत, तीन आठवडे 'शब्दसंग्रह'ऐवजी 'शब्दसग्रह' होतं. टिंब गेलं. एकोणचाळीस वर्षं टिंबं वेचून बाईनं स्वतःच्या दारावरचं टिंब सोडलं.

एका वाचकाचं पत्र आलं, अत्यंत नम्र. त्यांना कळवलं की हा मुद्राराक्षसाचा विनोद. मग मुद्राराक्षसाचंच कार्ड केलं. विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचं हे नाव. त्यातली मुद्रा म्हणजे मोहोरेची अंगठी आणि राक्षस हा नंदांचा अमात्य. मुद्रणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मराठीत छापखाने आले, 'मुद्रण' रूढ झालं, आणि कोणा चतुर माणसानं छपाईतल्या चुकीचं खापर या अमात्यावर फोडलं. तो बिचारा तेव्हापासून प्रत्येक चुकीला जामीन आहे. नातं खोटं आहे, पण मला हे खोटं नातं फार आवडतं.

स्वतःचं प्रूफ स्वतः वाचू नये, हे नवशिक्यांना मीच सांगायचे. डोळा लिहिलेलं वाचत नाही, लिहायचं होतं ते वाचतो. यापुढे कार्डं भाची वाचणार, मोठ्यानं. स्वल्प, पूर्ण म्हणायला तिला शिकवलं. दुसऱ्या मिनिटाला हसू आवरेना.

२६ जानेवारी २०२५

सुट्टी असल्यानं भाची दिवसभर होती. दोन वह्या मार्गी. 'वेळ' या शब्दावर तासभर : 'वेळ गेला' आणि 'वेळ झाली', म्हणजे मोजायचा तो वेळ आणि गाठायची ती वेळ. तिला हा फरक बोलताना कधी चुकलेला नाही आणि असा फरक आहे हे माहीतही नव्हतं. वेळ गेला, वेळ झाली, ती घरी गेली.

९ फेब्रुवारी २०२५

'हुबी'चं कार्ड लिहिलं. वाक्य मुळातलं, तीन शब्दांचं, क्रियापदाशिवाय. बाईंचं नाव नाही. 'बदल' हा रकाना भरला आणि त्यापुढे 'बदल करणारी' असा एक नवा रकाना घालून त्यात माझं नाव टाकलं. भाची म्हणाली, हा रकाना सगळ्या कार्डांना द्यायचा का? म्हटलं, सगळ्यांना दे. नाव एकच आहे.

चढवलं. मग शोधाच्या खिडकीत टंकलं : हुबी. आणि 'उभी'चं पान उघडलं.

क्षणभर कळेचना. मग ऑगस्टमधली सोय आठवली. बोलीतलं रूप टाका, प्रमाण रूप उघडेल. मीच हो म्हटलं होतं. सहा महिने या संकेतस्थळावर येणारा प्रत्येक 'व्हता' दारातूनच 'होता' होऊन आत जात होता, आणि मला त्यात नुसती सोय दिसत होती. लाल शाईसुद्धा लागली नाही.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, "ते रीडायरेक्ट काढून टाकते, पाच मिनिटं. पण मावशी, मग ज्याला प्रमाण रूप हवंय त्याला कळणार कसं?"

"कार्डावर लिहिलंय ना, अर्थ उभी म्हणून."

"आणि 'उभी' शोधणाऱ्याला?"

त्याचा विचार केला नव्हता. 'उभी'चं कार्डच नव्हतं, नुसतं एक कोरं पान होतं सोयीसाठी ठेवलेलं. म्हटलं, ते राहू दे. त्यावर एक ओळ घाल.

संध्याकाळी पुन्हा पाहिलं. हुन्नर, हुबी, हुरूप. क्रम बरोबर आहे. 'हुबी' टंकलं की 'हुबी' उघडते. आणि 'उभी' टंकलं की कोऱ्या पानावर एवढंच दिसतं :

उभी – पाहा हुबी.